नाव विचारलं, उत्तर आलं नाही

सोमवार, 10 सप्टेंबर 2012. रात्री 10:30

गणपती नऊ दिवसांवर आले होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-चिखलीच्या बाजारपेठेतली शटरं खाली आलेली होती. त्याच वेळी ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये सकाळचे दहा वाजून गेले होते आणि कामाचा आठवडा नुकता सुरू झाला होता. स्कॉट्सडेल हे तेव्हा गोडॅडीचं गाव होतं. डोमेन विकणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी. पाच कोटींच्या आसपास नावं तिच्या दप्तरी होती. आपल्याकडे ज्यांनी पहिल्यांदा वेबसाइट काढली, त्यांतल्या अनेकांनी नाव तिथंच घेतलं, जागाही तिथंच घेतली आणि ईमेलही तिथंच ठेवला. एकच बिल, एकच पासवर्ड.

भारतीय वेळेनुसार साडेदहा वाजून गेल्यावर थोड्याच वेळात या कंपनीचे नेमसर्व्हर उत्तर देईनासे झाले.

नेमसर्व्हर काय करतो हे आधी सांगायला हवं. आपण ब्राउझरमध्ये नाव टाइप करतो, पण यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. नाव दिलं की पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. एसटी स्टँडवर गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर-कंडक्टर हजर आहेत, रस्ता मोकळा आहे, पण चौकशीची खिडकी बंद आहे आणि एकाही गाडीवर पाटी नाही, असं झालं तर मेहकरचा माणूस मेहकरला जाणार कसा? डीएनएस पडतो तेव्हा वेबसाइटचं नेमकं हेच होतं. सर्व्हर धडधाकट चालू असतो, त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही.

रात्री 11 ते 1

या तासांत गोडॅडीच्या ग्राहकांचे तीन गट पडले. नाव, डीएनएस आणि होस्टिंग असं सगळं तिथंच असलेला पहिला गट पडला, यात नवल नाही. दुसऱ्या गटाची वेबसाइट दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर होती, फक्त डीएनएस गोडॅडीकडे होता. तोही पडला. त्यांचे सर्व्हर रात्रभर चालू होते, भाडं भरलेलं होतं, आणि तरी दारात कुणी आलं नाही. तिसऱ्या गटानं गोडॅडीकडून फक्त नाव विकत घेतलं होतं आणि नेमसर्व्हर वेगळ्या कंपनीचे लावले होते. या गटाला त्या रात्री काहीही झालं नाही. विक्रेता तोच, बिल तेच, फरक फक्त नेमसर्व्हरच्या रकान्यात भरलेल्या दोन ओळींचा.

पहिल्या दोन गटांना आणखी एक अडचण होती, आणि मला ती मूळ बिघाडापेक्षाही मोठी वाटते. नेमसर्व्हर बदलावेत तर लॉगिन करायला हवं, आणि कंपनीची स्वतःची वेबसाइटच उघडत नव्हती. मदतीसाठी ईमेल करावा तर ज्याचा त्याचा ईमेलही त्याच डोमेनवरचा.

मध्यंतरी ट्विटरवर ‘ॲनॉनिमस’ या हॅकर गटाशी नातं सांगणाऱ्या एका खात्यानं हा हल्ला आपणच केल्याचं जाहीर करून टाकलं. बातम्या त्या दिशेनं धावल्या. गोडॅडीनं मात्र त्या तासांत एक गोष्ट केली, आणि मी ती आजही लोकांना सांगतो: स्वतःच्या मुख्य डोमेनचा डीएनएस तिनं व्हेरिसाइनकडे हलवला. व्हेरिसाइन म्हणजे डॉटकॉमचं मूळ दप्तर सांभाळणारी कंपनी, आणि डीएनएसच्या धंद्यात गोडॅडीची प्रतिस्पर्धी. लाखो लोकांचा डीएनएस चालवणाऱ्या कंपनीला स्वतःची वेबसाइट उभी करायला दुसऱ्याच्या नेमसर्व्हरचा आधार घ्यावा लागला.

मंगळवार, 11 सप्टेंबर. पहाटे 4:30

सेवा पूर्ववत. सुमारे सहा तास गेले. कंपनीनं खुलासा केला की हल्ला वगैरे काही नव्हता. अंतर्गत नेटवर्कमधल्या घडामोडींमुळे राउटरमधले तक्ते बिघडले होते. म्हणजे घरातलीच चूक.

होस्टिंग कंपनीच्या डीएनएसबद्दल माझं म्हणणं या रात्रीवर उभं आहे. होस्टचा मूळ धंदा जागा भाड्यानं देण्याचा. डीएनएस तो पॅकेजमध्ये फुकट देतो, आणि पुष्कळदा त्याच इमारतीतून, त्याच राउटरमागून देतो. राउटर पडला की घर आणि घराचा पत्ता दोन्ही एकदम जातात. पत्ता वेगळ्या ठिकाणी असता तर निदान ‘आम्ही तात्पुरते इकडे आहोत’ असं एक पान दुसरीकडे उभारून लोकांना तिथं वळवता आलं असतं.

ही अक्कल 2012 मध्ये नवी नव्हती. आरएफसी 2182 हा इंटरनेट चालवणाऱ्यांसाठीचा दस्तऐवज 1997 चा. दुय्यम नेमसर्व्हर वेगळ्या जागी आणि वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. खुद्द मायक्रोसॉफ्टनं तो पाळला नव्हता. जानेवारी 2001 मध्ये तिचे चारही नेमसर्व्हर एकाच राउटरमागे होते. त्या राउटरच्या रचनेत कुणी तरी चुकीचा बदल केला आणि जवळजवळ दिवसभर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइट जगाला दिसेनाशा झाल्या. त्यानंतर कंपनीनं अकामाईकडून डीएनएसची मदत घेतली.

गोडॅडीच्या त्या रात्रीनंतर पुढची चार वर्षं शहाण्या माणसांनी एकच सल्ला दिला: डीएनएस होस्टकडून काढा आणि फक्त तेवढंच काम करणाऱ्या कंपनीकडे द्या. सल्ला बरोबरच होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावची डिन ही अशीच एक नामांकित कंपनी होती. ट्विटर, गिटहब, स्पॉटिफाय, रेडिट, सगळे तिच्याकडे होते.

20 सप्टेंबर 2016. डिनवर मारा होण्याच्या एकतीस दिवस आधी

सायबर गुन्ह्यांवर लिहिणारा पत्रकार ब्रायन क्रेब्स याच्या वेबसाइटवर सेकंदाला 620 गिगाबिटच्या घरातला मारा झाला. मारा करणारी यंत्रं कुठल्या गुप्तहेर खात्याची नव्हती. ते लोकांच्या घरातले सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर होते. कारखान्यातून आले तेव्हाचा पासवर्ड कुणी बदललेला नव्हता, आणि मिराई नावाचा प्रोग्राम असे साठेक ठरावीक पासवर्ड लावून बघत एकामागून एक यंत्र ताब्यात घेत होता.

30 सप्टेंबर. एकवीस दिवस आधी

मिराईच्या कर्त्यांनी त्याचा सोर्स कोड उघड्यावर टाकला. आता तो कुणीही चालवू शकत होता.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा

डॅलसमध्ये नेटवर्क चालवणाऱ्यांची परिषद भरली. डिनचाच संशोधक डग मॅडोरी अशाच माऱ्यांबद्दल तिथं बोलला. तिकडे त्याचं भाषण झालं, आणि आठवडा संपायच्या आत त्याच्याच कंपनीवर वेळ आली.

शुक्रवार, 21 ऑक्टोबर 2016. दुपारी 4:40

दिवाळी नऊ दिवसांवर होती. सोयाबीन सोंगून, काढून बाजार समित्यांकडे निघण्याचे हे दिवस. जिओ सुरू होऊन दीड महिना झाला होता आणि आपल्या तालुक्यातालुक्यांत फुकट डेटाचे नवे सिम फोनमध्ये पडले होते. ट्विटर उघडेना की माणूस आधी नेटवर्कलाच दोष देणार.

डिनवर पहिली लाट आली तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मारा आधी आशिया-पॅसिफिक, दक्षिण अमेरिका, पूर्व युरोप आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या केंद्रांवर जाणवला. तिथं बचाव सुरू होतोय न होतोय, तोच त्यानं रोख वळवून अमेरिकेच्या पूर्वेकडची केंद्रं धरली.

एका प्रश्नाचा प्रवास इथं जवळून पाहू. फोनवर ट्विटरचं नाव टाइप केलं. फोननं ते मोबाइल कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारलं. त्यानं डॉटकॉमच्या दप्तराला विचारलं: ट्विटरचा पत्ता कुणाला माहीत आहे? दप्तरानं चार नावं दिली: एनएस1.पी34.डायनेक्ट.नेट, आणि तशीच एनएस2, एनएस3, एनएस4. कागदावर चार नेमसर्व्हर. पण चारही डिनचेच. रिझॉल्व्हरनं पहिल्याला विचारलं, उत्तर नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला, उत्तर नाही. मग त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या ‘पुन्हा’नं दुसरा घाव घातला. जगभरातले प्रामाणिक रिझॉल्व्हर उत्तर मिळेना म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिले. नेहमीच्या दहा ते वीस पट रहदारी निव्वळ या खऱ्या प्रश्नांची झाली, असं डिननं नंतर सांगितलं. खोटी गर्दी आणि खरी गर्दी एकाच दारात, आणि दोघींची तोंडं सारखीच. त्यातल्या मारेकऱ्यांना वेगळं काढणं ही त्या दिवसाची खरी लढाई होती.

संध्याकाळी 6:50

पहिली लाट परतवली. अडीच तास उलटत नाहीत तोच दुसरी आली.

रात्री 9:20

दुसरी लाट एका प्रदेशापुरती राहिली नाही, ती जगभर पसरली. डिननं नंतर दिलेल्या माहितीनुसार हल्लेखोर यंत्रं एक लाखापर्यंत होती आणि काही भागांत टीसीपीची रहदारी नेहमीच्या चाळीस-पन्नास पटींवर गेली होती.

त्या दिवशी सगळे सारखेच बुडाले असं मात्र झालं नाही. ॲमेझॉनच्या दुकानाच्या वेबसाइटचा डीएनएस डिनकडेही होता आणि अल्ट्राडीएनएस या दुसऱ्या कंपनीच्या सेवेकडेही. डिनकडून उत्तर आलं नाही की रिझॉल्व्हर यादीतल्या दुसऱ्या कंपनीकडे वळत होता. क्षणभर उशीर, पण पान उघडत होतं. गिटहबनं त्याच दिवशी घाईघाईनं डीएनएस दुसऱ्या कंपनीकडे हलवला आणि जाहीर करताना एक इशारा जोडला: जुन्या नोंदी साठवलेल्या आहेत, त्यामुळे काही लोकांना अजून अडचण येईल.

त्या इशाऱ्यामागचा आकडा प्रत्येक वेबसाइटवाल्यानं लक्षात ठेवावा. डॉटकॉमच्या दप्तरातली नेमसर्व्हरची नोंद रिझॉल्व्हर 48 तासांपर्यंत जपून ठेवू शकतो. म्हणजे आग लागल्यावर नेमसर्व्हर बदलले तरी कुणाला दहा मिनिटांत नवा पत्ता मिळेल आणि कुणाला परवा. दुसरी कंपनी आधीपासून यादीत असावी लागते. ऐन वेळी आणलेली दुसरी कंपनी अर्ध्याच लोकांच्या कामी येते.

शनिवार, 22 ऑक्टोबर. पहाटे 2:00

दुसरी लाटही ओसरली. महिनाभरात, 21 नोव्हेंबरला, ओरॅकलनं डिन विकत घेत असल्याची घोषणा केली.

आणि मग कारण कळलं. मिराईच्या कर्त्या तिघा तरुणांनी डिसेंबर 2017 मध्ये गुन्हा कबूल केला, पण डिनवरच्या हल्ल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. त्या हल्ल्यासाठी डिसेंबर 2020 मध्ये आणखी एकानं कबुली दिली. हल्ला केला तेव्हा तो अल्पवयीन होता. अमेरिकी न्याय खात्यानं सांगितलं की त्याचा आणि साथीदारांचा नेम सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर होता. प्लेस्टेशनचा डीएनएस डिनकडे. नेम एका भाडेकरूवर, आणि इमारतीतले सगळे भाडेकरू पाण्याविना. ट्विटरनं, स्पॉटिफायनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

वेगळ्या डीएनएस कंपनीची मर्यादा इथं दिसते. ती होस्टपेक्षा मजबूत असते, जगभर केंद्रं पसरून बसलेली असते. पण म्हणूनच तिच्याकडे मोठी गिऱ्हाइकं असतात आणि त्यांच्यामागे मोठे शत्रू येतात. शत्रू नसला तरी चूक असतेच. 22 जुलै 2021 च्या रात्री सव्वानऊच्या सुमाराला अकामाईच्या डीएनएसमध्ये एका कॉन्फिगरेशन बदलामुळे बग जागा झाला, आणि तासभराच्या आत सगळं सावरलं तरी तेवढ्या वेळात आपल्याकडे झोमॅटो, पेटीएम अडखळले. मायक्रोसॉफ्टला सावरायला गेलेली हीच अकामाई.

आता आपल्या जिल्ह्यातला घटनाक्रम

आपल्याकडे मिराई येण्याची वाट पाहावी लागत नाही. तेरा तालुक्यांतली कुठलीही मध्यम पतसंस्था, शाळा, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा शेगावातलं लॉज डोळ्यासमोर आणा. वेबसाइट पाच-सहा वर्षांपूर्वी अकोल्याच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या मुलानं करून दिली. नाव त्याच्या खात्यावर, होस्टिंग त्याच्या खात्यावर, डीएनएस होस्टचा, ईमेलही तिथंच. पुढं तो मुलगा नोकरीला लागला.

तीस दिवस आधी: नूतनीकरणाची सूचना येते. ती जाते त्याच्या जुन्या ईमेलवर.

सात दिवस आधी: शेवटची सूचना. संस्थेचा पत्ता दिलेला असेल तर ऑफिसच्या इनबॉक्समध्ये जाहिरातींच्या ढिगात पडून राहते.

शून्य तास: होस्टिंगचं खातं स्थगित. होस्टनं डीएनएस बंद केला की त्याबरोबर ईमेल कुठं पोचवायचा हे सांगणारी एमएक्स नोंदही जाते.

पहिला तास: कुणाला कळत नाही. काही लोकांना वेबसाइट अजून दिसते, कारण त्यांच्या रिझॉल्व्हरकडे जुनं उत्तर साठवलेलं असतं. म्हणूनच ‘माझ्याकडे तर उघडतेय’ असं कुणी तरी म्हणतं आणि आणखी वेळ जातो.

चौथा तास: सभासदाचा फोन येतो. व्यवस्थापक होस्टला ईमेल करायला बसतात. होस्ट पडताळणीचा कोड पाठवतो तो संस्थेच्याच डोमेनवरच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता आता जगात अस्तित्वात नाही.

दुसरा दिवस: त्या मुलाचा नवा फोन नंबर कुणाकडे आहे, याची शोधाशोध.

ही आपत्ती राउटरची नाही, हल्ल्याचीही नाही. एका खुंटीला सगळं टांगलं, एवढंच कारण. स्कॉट्सडेलच्या पहिल्या गटाचं जे झालं तेच इथं होतं. फक्त सहा तासांत कुणी दुरुस्त करून देत नाही.

सहकारी बँकांना तर हे सगळं नव्यानं मांडायची संधी नुकतीच मिळाली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉटबँकडॉटइन या नावांवर जायचं होतं, आणि ही नावं फक्त आयडीआरबीटी ही संस्था देते. नाव कुणाचं हा प्रश्न त्यानं सुटतो. नेमसर्व्हर कुणाचे, किती आणि कुठे, हा प्रश्न बँकेच्या संचालकांनी विचारायचाच असतो.

मग काय करावं? माझं मत स्पष्ट आहे. होस्ट की वेगळी डीएनएस कंपनी, अशी निवड असेल तर वेगळी कंपनी. बिनदिक्कत. छोट्या संस्थेला ती महाग पडत नाही: क्लाउडफ्लेअर हे काम फुकट करते, ॲमेझॉनची रूट 53 एका डोमेनला महिन्याला अर्धा डॉलर आणि वापरानुसार किरकोळ रक्कम घेते. नाव तिसरीकडे, संस्थेच्या स्वतःच्या खात्यावर, आणि त्या खात्याला दिलेला ईमेल दुसऱ्याच डोमेनवरचा.

ज्यांच्याकडे पैशाचा व्यवहार आहे, किंवा वेबसाइट बंद पडली की माणसं अडतात, त्यांनी दोन कंपन्या ठेवाव्यात. यात एक खोच आहे. क्लाउडफ्लेअरची फुकट सेवा सगळे नेमसर्व्हर आपलेच लावायला सांगते, जोडीला दुसरं कुणी चालत नाही. रूट 53 आपोआप नोंदींची देवाणघेवाण करत नाही, म्हणजे दोन्हीकडे नोंदी हातानं भराव्या लागतात. मोठ्या कंपनीला हे जड जाईल. आपल्या पतसंस्थेच्या डीएनएसमध्ये दहा-पंधरा ओळी असतात आणि त्या वर्षा-दोन वर्षांत कधी तरी बदलतात. हातानं दोनदा भरायला अर्धा तास पुरे. हरिकेन इलेक्ट्रिक दुय्यम डीएनएस फुकट देते, त्याचाही उपयोग होतो, फक्त नोंदी बाहेर पाठवू देणारी पहिली कंपनी निवडावी लागते.

हलवताना घाई नको. आधी जुन्या नोंदी सगळ्या उतरवून घ्या, ईमेलच्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी विशेषतः, कारण वेबसाइट उघडली की लोक समाधान मानतात आणि ईमेल अडल्याचं चार दिवसांनी कळतं. डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही करणारी सोय, चालू असेल तर आधी नाव विकणाऱ्या कंपनीकडची डीएस नोंद काढा आणि ती रिझॉल्व्हरांच्या साठ्यातून जाईपर्यंत थांबा. नाहीतर नव्या नेमसर्व्हरचं खरं उत्तरही रिझॉल्व्हर खोटं ठरवून टाकून देईल. आणि जुना डीएनएस लगेच तोडू नका. ते 48 तास लक्षात ठेवा.

हे वाचणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाला, मुख्याध्यापकाला, दुकानदाराला माझी विनंती आहे: ऑफिसच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप चालवा, प्रकार एनएस द्या आणि आपल्या डोमेनचं नाव टाइप करा. जी नावं समोर येतील ती कुणाची आहेत, त्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, ही तीन उत्तरं कागदावर लिहून संस्थेच्या कपाटात ठेवा. तिन्हींपैकी एक जरी उत्तर ‘त्या मुलाला विचारावं लागेल’ असं आलं, तर आजच त्याला फोन करा.